गाडी द्यायची, ती ओळखीसकट

डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा जो प्रचंड मेळा भरतो, त्याची सुरुवात लहान मुलांच्या मैदानासाठी झाली. फर्नडेल या उपनगरात मुलांना सॉकर खेळायला मैदान हवं होतं आणि त्यासाठी पैसे नव्हते. नेल्सन हाउस नावाच्या तिथल्या प्लंबरने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९५ साली एक कल्पना काढली. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री-अपरात्री सिग्नल ते सिग्नल गाड्या पळवायची. त्या गाड्या पुन्हा एकदा रस्त्यावर आणायच्या आणि त्या निमित्ताने निधी गोळा करायचा. पहिल्याच वर्षी अडीच लाखांच्या आसपास माणसं जमली. आता हा आकडा दहा लाखांच्या घरात जातो.

जोरदार इंजिनाच्या गाड्या आणि सार्वजनिक काम यांची गाठ या रस्त्यावर अशी पडलेली आहे. आमच्या संपादकांना दिवाळी अंकात दानावर वेगळं काही हवं होतं. देवळं, शाळा, रक्तपेढ्या यांवर लिहून झालेलं होतं. अमेरिकेत लोक जुन्या गाड्या धर्मादाय संस्थांना देतात, त्यांत कधी कधी लाखमोलाची मसल कारही असते, तिचं पुढे काय होतं ते बघून या, असं त्यांनी सांगितलं. डेट्रॉईटच्या परिसरात मोटार कंपन्यांमध्ये काम करणारे मराठी इंजिनिअर पुष्कळ. त्यांच्याकडे उतरण्याची सोय होती, ओळखीपाळखीही निघाल्या. दानापेक्षा गाड्यांबद्दलच जास्त ऐकायला मिळेल या समजुतीने मी गेलो. परत आलो तो दानाची काळजी घेऊन.

आधी मसल कारची कुळकथा, थोडक्यात. जनरल मोटर्सने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांना इंजिनाच्या आकाराची मर्यादा घालून दिली होती, ३३० घन इंच. पाँटिअ‍ॅक विभागातल्या जॉन डिलॉरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. नवी गाडी काढायचीच नाही. ‘टेम्पेस्ट लेमाँ’ या चालू गाडीवर घेता येईल असा एक जादा पर्याय म्हणून ३८९ घन इंचांचं मोठं व्ही-८ इंजिन द्यायचं. १९६४चा हा ‘जीटीओ’ पर्याय तीनशे डॉलरच्याही आत मिळत होता. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. मग सगळ्याच कंपन्या मागे लागल्या. क्राइसलरचं ४२६ घन इंची ‘हेमी’ १९६६मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. १९७०च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं. आणि तिथूनच उतरण लागली. तरुणांना विम्याचे हप्ते झेपेनात, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. दहा वर्षांत खेळ आटोपला. पाँटिअ‍ॅक हे नावच जनरल मोटर्सने २०१०मध्ये बंद केलं.

गाड्या मात्र राहिल्या. ज्यांनी विशीत त्या घेतल्या ते आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. गुडघे दुखतात, जड क्लच दाबवत नाही, मुलं दुसऱ्या राज्यात. मुलांना बापाच्या गाडीबद्दल माया असते, पण ती ठेवायला गॅरेज नसतं आणि तिचा कार्बोरेटर उघडायला वेळ नसतो. मग कुणी तरी सुचवतं, देऊन टाका एखाद्या संस्थेला.

देऊन टाकणं अमेरिकेत फार सोपं आहे. फोन करायचा किंवा अर्ज भरायचा, मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, सही करायची. टो-ट्रक दारात येतो आणि गाडी घेऊन जातो. सार्वजनिक रेडिओ केंद्रांपासून अनाथ मुलांच्या संस्थांपर्यंत अनेकांचा पैसा असा उभा राहतो. यातल्या बऱ्याच संस्था गाडी डोळ्यांनीही बघत नाहीत. मधली कंपनी गाडी उचलते, घाऊक लिलावात विकते, खर्च आणि आपला वाटा कापून उरलेले पैसे संस्थेला पाठवते. पंधरा वर्षं वापरलेल्या, गिअरबॉक्स गेलेल्या साध्या गाडीसाठी ही व्यवस्था चांगलीच आहे. दारातली अडगळ जाते, कुणाला तरी चार पैसे मिळतात. पण त्याच रांगेत १९६९ची जीटीओ उभी राहिली, तर सोन्याच्या पाटल्या पितळेच्या भावात तोलल्यासारखं होतं. घाऊक लिलावात बोली लावणारा गाडी चालू आहे का आणि पत्रा किती सडलाय एवढंच बघतो. ती कोण आहे, हे बघायला तिथे कुणाला सवड नसते.

ती कोण आहे हे बघणारा एक माणूस मला पाँटिअ‍ॅक गावाजवळच्या एका लहान संस्थेच्या शेडमध्ये भेटला, आणि माझा बहुतेक वेळ त्यांच्याजवळच गेला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोटार कारखान्यात जुळणीच्या ओळीवर काढली. निवृत्तीनंतर ते या संस्थेत विनामोबदला येतात आणि दान आलेल्या जुन्या गाड्या तपासतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

मी गेलो तेव्हा त्यांच्यासमोर हिरव्या रंगाची एक जीटीओ होती. टायरमध्ये हवा नव्हती, मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून जाळीदार झालेला, आतल्या सीटांना उंदरांनी कुरतडलेलं. समोरचा बंपर मात्र शाबूत. १९६८पासून जीटीओला क्रोमचा बंपर गेला आणि गाडीच्याच रंगाचा, धक्का बसला तर दबून पुन्हा वर येणारा ‘एंड्युरा’ बंपर आला. त्या बंपरकडे बघून मी मनातल्या मनात तिला जीटीओ ठरवून मोकळा झालो होतो. त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंपर, बॉनेट, बिल्ले हे सगळं एका गाडीचं काढून दुसरीला लावता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूने काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली पट्टी पाहिली, वहीत आकडे उतरवले आणि टायटलवरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवले.

त्या आकड्यांची भाषा त्यांनी मला समजावली. सुरुवात २४२ने झाली तर गाडी जीटीओ, २३७ने झाली तर तिची साधी बहीण लेमाँ. पुढचे ३७ म्हणजे दोन दारांची, मधला खांब नसलेली हार्डटॉप. मग ९ म्हणजे १९६९. त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं, ‘पी’ असेल तर पाँटिअ‍ॅक, ‘बी’ असेल तर बाल्टिमोर. उरलेला तिचा अनुक्रमांक. पण ही सोय १९६६पासूनची. १९६४ आणि १९६५मध्ये जीटीओ हा नुसता पर्याय होता, त्यामुळे त्या गाड्यांच्या क्रमांकात जीटीओपणाची खूणच नाही. त्या दोन वर्षांच्या गाडीला आपण कोण हे सिद्ध करायला कागदच लागतो.

मग बॉनेट उघडलं. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनावर पुढच्या अंगाला, प्रवाशाच्या बाजूने, सिलिंडर हेडच्या जरा खाली एक सपाट जागा असते. तिथे इंजिनाच्या प्रकाराची दोन अक्षरं ठोकलेली असतात, आणि १९६८पासूनच्या इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा काही भागही. ही जागा शोधणं कष्टाचं काम आहे. पट्टे आणि होज आडवे येतात, त्यावर पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ मिळून झालेलं किटण. त्यांनी त्यावर डीग्रीजर फवारला आणि वाट बघत उभे राहिले. मग पितळी तारांच्या लहानशा ब्रशने, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. पोलादी ब्रश नाही आणि ग्राइंडर तर मुळीच नाही, कारण आकड्यांभोवतीची मूळ जागा हाही पुरावाच. ती चकचकीत दिसली की जाणकार गिऱ्हाइकाला वाटतं, जुने आकडे घासून नवे ठोकलेत. फडक्याने पुसलं, टॉर्च आडवा धरला. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही, आडव्या प्रकाशात खोलगट रेघांत सावली भरते आणि आकडे वर येतात. आधी ‘डब्ल्यूटी’ दिसलं. हातगिअरबॉक्सला जोडलेलं, ३५० अश्वशक्तीचं ४०० घन इंची इंजिन. मग क्रमांक. शेवटचा आकडा वाचून झाल्यावर त्यांनी वही पुढे केली, मी ताडून पाहिलं. जुळत होता. म्हणजे ज्या दिवशी गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचंच इंजिन आजही तिच्यात होतं. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात ते हे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. इंजिनाच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्यूटरजवळ, ओतकामाची तारीख उठलेली असते. महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. ओतकाम गाडी बांधण्याच्या आधीचं हवं, उलट असेल तर इंजिन मागून बदललेलं. आणि वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे ९ पाहून १९५९, १९६९ की १९७९ हे इतर खुणांवरून ठरवावं लागतं. ती तारीख त्यांनी आरसा धरून वाचली. मोटार कारखान्याने स्वतःच्या हिशेबासाठी घाईघाईत केलेल्या या नोंदी. आज गाडीची अर्धी किंमत त्यांच्यावर ठरते, आणि त्या वाचता येणारी माणसं वयाने त्या गाड्यांच्या मालकांएवढीच आहेत. यांच्यानंतर त्या शेडमध्ये आरसा धरायला कोण येणार, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट तरीही लोखंडावर कुठे लिहिलेली नसते. १९६९च्या जीटीओवर ‘जज’ नावाचा एक पर्याय होता. पट्टे, मागचा स्पॉयलर आणि ३६६ अश्वशक्तीचं ‘रॅम एअर’ इंजिन, वर ३३२ डॉलर. त्या वर्षीच्या बहात्तर हजारांवर जीटीओंमध्ये जज निघाल्या ६,८३३, आणि त्यांतल्या उघड्या टपाच्या फक्त १०८. जजची किंमत साध्या जीटीओपेक्षा कितीतरी चढी. पण तिचाही क्रमांक २४२नेच सुरू होतो. पट्टे कुणीही चिकटवू शकतो. खरी जज ओळखायची ती कारखान्याने डीलरला पाठवलेल्या मूळ बिलावरून. सुदैवाने १९६१पासूनच्या पाँटिअ‍ॅक गाड्यांची ही बिलं जपली गेली आणि ‘पीएचएस’ नावाची सेवा पैसे घेऊन त्यांच्या नकला देते. क्राइसलरच्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. जुळणीच्या ओळीवर गाडीबरोबर फिरणारा यादीचा कागद कामगार बऱ्याचदा सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचून देत. आजही जुनी सीट सोलताना तो सापडतो. उंदरांनी खाल्ला नसेल तर.

हे सगळं माहीत झाल्यावर मला दानाच्या व्यवस्थेची भीती वाटू लागली. वडील गेल्यावर घर आवरताना मुलं कपाटातले जुने कागद टाकतात. जुनी बिलं, सर्व्हिसच्या पावत्या, डीलरने दिलेली पत्र्याची पट्टी. गॅरेजमधला खोक्यांचा ढीग भंगारवाल्याकडे जातो, आणि त्यातच गाडीचा मूळ कार्बोरेटर असतो. मग टो-ट्रक येतो. गाडी गेली ती ओळख इथेच ठेवून. संस्थेच्या हातात पडतो एक निनावी गंजका सांगाडा.

दुसऱ्या टोकाला ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा बॅरेट-जॅक्सन लिलाव आहे. तिथे संस्थांसाठी आलेल्या गाड्यांवर कमिशन घेत नाहीत, हातोडा पडलेली सगळी रक्कम संस्थेला जाते. २०१९मध्ये शेल्बी जीटी-५०० मस्टँगच्या नव्या आवृत्तीची पहिल्या क्रमांकाची गाडी तिथे ११ लाख डॉलरला गेली, बालमधुमेहावरच्या संशोधनासाठी. पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकाची नवी कॉर्व्हेट ३० लाखांना, डेट्रॉईटच्या मुलांच्या शिक्षणासाठी. टीव्हीवर हे पाहून लोकांना वाटतं, गाडी दिली की असंच होतं. पण त्या गाड्यांची ओळख जगाला आधीच करून दिलेली होती. आपल्या गॅरेजातल्या गाडीची ओळख आपल्यालाच करून द्यावी लागते.

करसवलतीचा प्रश्न याहून किचकट आहे, आणि देणाऱ्यांची सर्वांत जास्त निराशा तिथेच होते. एके काळी देणारा स्वतःच गाडीची किंमत ठरवायचा. २००० सालच्या विवरणपत्रांत सुमारे ७,३३,००० करदात्यांनी गाडीच्या दानावर सवलत घेतली आणि सरकारचा सुमारे ६५.४ कोटी डॉलरचा कर कमी झाला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३मध्ये याची तपासणी केली. एक जुना ट्रक लिलावात ३७५ डॉलरला गेला होता, खर्च वजा जाता संस्थेच्या हाती आले ३१ डॉलर ५० सेंट, आणि देणाऱ्याने सवलत मागितली होती ती त्याच्या कितीतरी पट. २००४मध्ये कायदा बदलला. संस्थेने गाडी विकली आणि ५०० डॉलरहून जास्त सवलत हवी असेल, तर ती लिलावात आलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. संस्थेने विक्रीनंतर ३० दिवसांत ‘फॉर्म १०९८-सी’ द्यायचा, त्यावर ती रक्कम लिहिलेली असते. म्हणजे जीटीओ घाऊक लिलावात मातीमोल गेली, तर संस्थेचं नुकसान आणि देणाऱ्याचंही.

मसल कारला यात आणखी एक गाठ आहे. साध्या गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, हिची चढते. समजा १९७०मध्ये ३,५०० डॉलरला घेतलेली गाडी आज ६०,०००ला जाते. ती अशा संस्थेला दिली जिच्या कामाशी गाडीचा संबंध नाही, आणि संस्थेने ती विकली, तर चढलेल्या किमतीवर सवलत नाही. हिशेब खरेदीच्या किमतीवर येतो, फार तर गाडी नव्याने उभी करायला घातलेला खर्च त्यात धरता येतो. वर्षानुवर्षांच्या पावत्या जपायच्या त्या यासाठी. वडिलांच्या पश्चात वारशाने आलेल्या गाडीचं तसं नाही. तिची मूळ किंमत म्हणजे वडील गेले त्या दिवशीचा बाजारभाव धरला जातो. म्हणजे म्हाताऱ्या मालकाने स्वतः देणं आणि त्याच्या मुलाने देणं, गाडी तीच असून हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक. त्यातून २०१८पासून सरसकट वजावट जवळपास दुप्पट झाल्यामुळे बहुसंख्य कुटुंबं दानाची वेगळी नोंदच करत नाहीत. त्यांना या सगळ्याचा उपयोग शून्य.

संस्था गाडी विकणार नसेल, तिच्या कामासाठीच वापरणार असेल, तर मात्र पूर्ण बाजारभावाची सवलत मिळू शकते. पाच हजार डॉलरच्या वर मान्यताप्राप्त मूल्यांकन लागतं, आणि संस्थेने तीन वर्षांच्या आत गाडी विकली तर सवलतीचा हिशेब पुन्हा उघडतो. आता गाडी वापरणारी संस्था म्हणजे संग्रहालय, असं आपल्या मनात येतं. पण संग्रहालयांच्या जागेला अंत आहे. एकाच धर्तीच्या किती मस्टँग ठेवायच्या? प्रत्येकीला विमा, कोरडी जागा आणि अधूनमधून चालवणारा माणूस लागतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी भाग खराब होतात, टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटर तुंबवतं. उभी राहिलेली गाडी मरते.

मला सगळ्यांत योग्य वाटलं ते कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज. १९७६मध्ये गेन्स ‘स्मोकी’ बिल्यू या स्थानिक उद्योजकाने आपल्या संग्रहातल्या जुन्या गाड्या या छोट्या कॉलेजला दिल्या, आणि त्यांतून जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज तिथे या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. मुलं पत्रा ठोकतात, इंजिन बांधतात, सीटा शिवतात, रंग देतात. त्यांनी नव्याने उभी केलेली १९५३ची मर्सिडीझ ३०० एस २०२३मध्ये पेबल बीचच्या नामवंत प्रदर्शनात आपल्या वर्गात दुसरी आली. बिल्यूंच्या गाड्यांनी माणसं घडवली, आणि ती माणसं पुढच्या गाड्या वाचवताहेत. सत्पात्री दान म्हणतात ते हेच. त्या शेडमधल्या वृद्ध कामगाराला जे दिसतं ते बघायला विशीतली मुलं इथे शिकतात, हे कळल्यावर माझी काळजी पुरती गेली नाही तरी हलकी झाली.

पण अशी कॉलेजं फार नाहीत आणि तीही येईल ती प्रत्येक गाडी घेऊ शकत नाहीत. बहुतेक गाड्या विकल्याच जाणार. त्यात वाईट काही नाही. गाडी चांगल्या हाती गेली आणि पैसे अनाथाश्रमाला मिळाले, तर दोन्ही बाजूंचं भलं. फक्त ती विकली जावी तिच्या खऱ्या नावाने. त्यासाठी देणाऱ्याने टो-ट्रकच्या आधी थोडे कष्ट घ्यावेत. मूळ बिलाची नक्कल मागवावी, इंजिनावरचे आकडे जाणकाराकडून वाचून फोटो काढून ठेवावेत, सुट्या भागांचं खोकं आणि पावत्यांची फाइल गाडीबरोबर द्यावी, टायटल वडिलांच्या नावावर अडकलं असेल तर आधी सोडवून घ्यावं, आणि करसल्लागाराशी बोलावं ते गाडी देण्याआधी. मग संस्थेला विचारावं: तुम्ही ही गाडी वापरणार की विकणार? विकणार असाल तर घाऊक लिलावात, की जुन्या गाड्यांच्या जाणकारांसमोर? आणि विक्रीच्या रकमेतला किती भाग खरोखर तुमच्या कामाला पोचतो? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळेपर्यंत किल्ली हातातून सोडू नये.